बिनसाखरेचे गोड पेय आणि दुकानदाराची जबाबदारी

नांदेडच्या वजिराबाद-इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत कापडाचे दुकान चालवणाऱ्याला पाहुणचार शिकवावा लागत नाही. लग्नाचा बस्ता काढायला मंडळी आली की आधी बसवायचे, पाणी द्यायचे, चहा नाहीतर थंड पेय पाजायचे आणि मगच थान उघडायचे, ही आपल्या बाजाराची जुनी रीत आहे. या रीतीत अलीकडे एक नवी मागणी आली आहे. सात-आठ जणांच्या मंडळीत एखाद-दुसरा तरी हळूच सांगतो, "भाई, मला शुगर आहे, माझ्यासाठी डाएटवाली मागवा." आपणही पोऱ्याला पाठवून 'डाएट' किंवा 'झिरो' लिहिलेली बाटली आणवतो. गिऱ्हाईक खूश, दुकानदारही खूश.

पण या बाटलीत साखर नाही तर गोडी कशाची आहे, ती तब्येतीला कशी आहे आणि ती कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, याचा विचार फारच थोडे लोक करतात. बाजारात याबाबत दोन मते ऐकू येतात. एक मत असे की हे सरळ विष आहे, याने कॅन्सर होतो. मोबाईलवर असे संदेश रोज फिरतात. दुसरे मत असे की यात साखर नाही, म्हणजे परहेज पाळल्यासारखेच आहे, हवे तितके प्या. माझ्या मते दोन्ही मते कच्ची आहेत. पहिल्याने नको तिथे भीती घातली आहे आणि दुसऱ्याने भीती बाळगायची तिथे बेफिकिरी दिली आहे.

ही गोडी आली कुठून?

कृत्रिम गोडीची गोष्ट नवी नाही. सॅकरिन, ज्याला आपल्या घरांतून सक्रीन म्हणतात, ते १८७९ साली अमेरिकेत प्रयोगशाळेत सापडले. ते साखरेच्या सुमारे तीनशे ते चारशे पट गोड असते. पहिल्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली तेव्हा त्याचा वापर वाढला. १९६५ साली अ‍ॅस्पार्टेम सापडले, ते साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड. १९७६ साली सुक्रालोज निघाले, ते सुमारे सहाशे पट गोड. आज 'डाएट' आणि 'झिरो' नावाच्या बहुतेक पेयांत अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज किंवा एसेसल्फेम-के यांपैकी एक किंवा दोन-तीन मिळून असतात. साखरेच्या पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण तीस ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. तेवढीच गोडी हे पदार्थ चिमूटभर वजनात देतात आणि रक्तातील साखर तशी वाढवत नाहीत. एवढे त्यांचे गुण मान्य केलेच पाहिजेत.

मागणी का वाढली हेही उघड आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ज्या लातूर-नांदेडच्या शिवारात ऊस उभा आहे, तिथल्याच बाजारात आता बिनसाखरेची गोडी खपते आहे. यात नवल काही नाही.

कॅन्सरची भीती किती खरी?

सॅकरिनवर पहिला मोठा आरोप १९७७ साली झाला. उंदरांना भरपूर सॅकरिन खाऊ घातल्यावर त्यांच्या मूत्राशयात कॅन्सर दिसला. कॅनडाने बंदी घातली, अमेरिकेत डब्यांवर इशारा छापणे सक्तीचे झाले. पुढे संशोधनात दिसले की उंदरांमध्ये तो रोग ज्या वाटेने होतो ती वाट माणसाच्या शरीरात तशी चालत नाही. २००० साली अमेरिकेने सॅकरिनला कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीतून काढले आणि इशाराही काढून टाकला.

अ‍ॅस्पार्टेमची पाळी जुलै २०२३ मध्ये आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला 'कदाचित कॅन्सरकारक' या वर्गात, म्हणजे २-ब गटात टाकले. आपल्याकडे त्या बातमीचा फक्त मथळा पोहोचला. हा गट पुरावा अपुरा असलेल्या पदार्थांचा आहे. कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. शिवाय त्याच दिवशी खाद्यपदार्थांतील मिश्रणे तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने जाहीर केले की अ‍ॅस्पार्टेमची जुनी मर्यादा बदलण्याचे कारण नाही. ही मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम अशी आहे. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरले तर साठ किलोच्या माणसाला मर्यादा गाठायला रोज आठ ते बारा कॅन प्यावे लागतील. बस्ता काढताना एक बाटली घेणाऱ्याला यात घाबरण्यासारखे काही नाही.

फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या खाण्यापिण्याची नोंद ठेवून २०२२ साली अभ्यास प्रसिद्ध झाले. कृत्रिम गोडी जास्त घेणाऱ्यांत कॅन्सरचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी अधिक दिसले, हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजारही अधिक दिसले. ही आकडेवारी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. परंतु डाएट पेय घेणाऱ्यांत आधीच वजन वाढलेले, आधीच शुगर असलेले लोक जास्त असतात. मग आजार पेयाने आला की आजाराच्या भीतीने पेय आले, हे अशा अभ्यासातून पक्के सांगता येत नाही. संशय आहे, शिक्कामोर्तब नाही.

आणि आता एक विसंगती पाहा. जो माणूस मोबाईलवरचा संदेश वाचून डाएट पेयाला हात लावत नाही, तोच तोंडात सुपारी घोळवत दुकानात येतो. त्याच कॅन्सर संस्थेने सुपारीला २००४ साली पहिल्या गटात टाकले आहे, तंबाखूच्या शेजारी. तिथे 'कदाचित' हा शब्द नाही. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कॅन्सर करते, हा तिचा अर्थ. मीठी सुपारी आणि पानमसाला यांच्यात सॅकरिन घालायला आपल्या अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत मुभा देण्यात आली, सुपारीत किलोमागे ४ ग्रॅम आणि पानमसाल्यात ८ ग्रॅमपर्यंत. म्हणजे त्या पुडीत गोडीही कृत्रिम आणि तिच्या आडून पोटात जाणारा माल खरोखर घातक. भीती बाळगायचीच असेल तर या पुडीची बाळगावी.

मग धोका कुठे आहे?

माझ्या मते डाएट पेयाचा मोठा धोका त्याच्या नावात आहे. 'डाएट' म्हटले की माणसाला वाटते, आपण परहेज पाळला. मग तो सोबत दोन समोसे जास्त खातो, जेवणात बिर्याणी वाढवून घेतो आणि वर 'झिरो'ची बाटली पिऊन निश्चिंत होतो. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा मधुमेह, हृदयविकार टाळण्यासाठी बिनसाखरेच्या गोडीवर भिस्त ठेवू नये, कारण दीर्घकाळात तिने चरबी कमी झाल्याचे दिसत नाही. हा सल्ला स्टीव्हियालाही लागू आहे. झाडाच्या पानातून काढले म्हणून त्याला सूट नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी मात्र हा सल्ला नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिले आहे.

मधुमेह झालेल्यांसाठी चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनचा एक अभ्यास उपयोगाचा आहे. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांना बारा आठवडे चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज देण्यात आले. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरमध्ये फारसा फरक पडला नाही, वजन आणि कंबर मात्र थोडी कमी झाली. म्हणजे चहात रोज दोन चमचे साखर घालणाऱ्या मधुमेही माणसाने डॉक्टरांना विचारून थोडी कृत्रिम गोडी घेतली तर बिघडत नाही. पण याला औषध समजू नये.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे मोजमाप २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले गेले. उंचीच्या हिशेबाने दोघांचे वजन एकाच मापाचे, दोघांचाही आकडा २२.३. मात्र ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे वरून सडसडीत दिसणाऱ्या हिंदुस्तानी माणसाच्या आतही चरबी दडलेली असते आणि म्हणून त्यालाही मधुमेह गाठतो. अशा माणसाने 'मी जाड नाही आणि पितो ते डाएट' म्हणून बिनधास्त राहणे धोक्याचे आहे. दिवसभर गादीवर बसून धंदा करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे जास्तच लागू आहे. गादीवरून उठून अर्धा तास चालण्याची बरोबरी कुठलीच बाटली करू शकत नाही.

दातांचेही पाहावे. साखर नसली तरी कोलाच्या पेयात आम्ल असतेच आणि ते दातांचे वरचे कवच झिजवते. 'झिरो'तही कॅफिन असते. लहान मुलाचे गणित तर वेगळेच आहे. वीस किलोच्या मुलाला अ‍ॅस्पार्टेमची मर्यादा गाठायला तीन-चार कॅन पुरतात. शिवाय लहानपणीच जीभ इतक्या तीव्र गोडीला सरावली की फळाची गोडी फिकी लागते. गोळी-पावडरच्या रूपात विकल्या जाणाऱ्या गोडीच्या डबीवर मुलांसाठी शिफारस नसल्याचे छापण्याचा नियम उगाच झालेला नाही. तसेच फिनाइलकीटोनुरिया नावाचा जन्मजात आजार असणाऱ्यांना अ‍ॅस्पार्टेम वर्ज्य आहे. त्याचाही इशारा डबीवर असतो, पण तो वाचतो कोण?

शुगर खाली गेली तर

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. हे प्रत्येक दुकानदाराने आणि दुकानातल्या प्रत्येक पोऱ्याने लक्षात ठेवावे.

आमच्या बाजारात मे महिन्याच्या दुपारी एक वयस्क गिऱ्हाईक थान पाहता पाहता घामाने भिजले, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. सोबतच्या मुलाने घाईघाईने 'डाएट'ची बाटली उघडून त्यांच्या तोंडाला लावली. "अब्बांना शुगर आहे, साधी देऊ नका," असे तो सगळ्यांना बजावत होता. शेजारच्या दुकानातील एका जाणत्या माणसाने विचारले, "इन्सुलिन घेतात का? सकाळपासून काही खाल्ले का?" इन्सुलिन घेतले होते, खाल्ले काहीच नव्हते. त्याने ती बाटली बाजूला सारली, चहावाल्याकडून साखर मागवून पाण्यात विरघळवून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत म्हातारबा सावध झाले.

मुलाची नियत चांगली होती, माहिती नव्हती. मधुमेहाच्या माणसाची शुगर नेहमी चढलेलीच असते असे नाही. औषध घेऊन उपाशी राहिले की ती एकदम खाली जाते आणि तेव्हा काही मिनिटांचा प्रश्न असतो. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर त्याला खरी साखर द्यावी, साधारण तीन चमचे पाण्यात विरघळवून, आणि पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा. 'डाएट' किंवा 'झिरो'चे पेय अशा वेळी पाण्याइतकेच निरुपयोगी आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, सरळ दवाखान्यात न्यावे. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या मधुमेही भावांनी तर महिन्याआधीच डॉक्टरांना भेटून औषधाची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यावी. इफ्तारच्या दस्तरख्वानावर डाएट पेय ठेवले की काम झाले, असे नाही.

लेबल नसलेली गोडी

कंपनीच्या बाटलीवर निदान लिहिलेले असते. खरी काळजी बिनलेबलाच्या गोडीची आहे. शाळेबाहेरचा रंगीत गोळा, प्लास्टिकच्या नळीतली बर्फाची पेप्सी, हातगाडीवरचे स्वस्त सरबत यात गोडी साखरेची की सक्रीनची, हे घेणाऱ्याला कसे कळणार? एक ग्रॅम सक्रीन पाव किलोहून अधिक साखरेचे काम करते. नफ्याचा मोह कुठून येतो हे व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको. सॅकरिनची मर्यादा संयुक्त राष्ट्रांच्या समितीने दर किलो वजनामागे दिवसाला ५ मिलिग्रॅम ठरवली आहे. युरोपने २०२४ साली ती ९ पर्यंत वाढवली. पण अंदाजाने चिमूट टाकणाऱ्याकडे मिलिग्रॅमचा हिशेब कुठून असणार? पंधरा किलोच्या मुलाला पाचच्या हिशेबाने ७५ मिलिग्रॅमची मर्यादा. मुलाने दिवसभरात किती गोळे चोखले आणि त्यात किती सक्रीन होते, हे कोणीच सांगू शकत नाही.

इथे आपल्या कापडाच्या धंद्याचे उदाहरण चपखल बसते. टेरिकॉट विकणे हा गुन्हा नाही. पॉलिस्टर ६७ टक्के, कॉटन ३३ टक्के असे लिहून विका, ज्याला परवडते तो घेईल. पण तेच कापड प्युअर कॉटन म्हणून गळ्यात मारले तर ती लबाडी आहे. आर्ट सिल्कला सिल्क म्हणणाऱ्याला बाजार ओळखून असतो. गोडीचेही तसेच आहे. मिलावट सांगून केली तर तो माल, लपवून केली तर तो धोका. फरक इतकाच की खोटे कापड पहिल्या धुण्यात उघडे पडते, खोटी गोडी पोटात जाऊनही उघडी पडत नाही.

गुळाबद्दलचा एक गैरसमजही दूर करावा. 'साखर सोडली, गूळ घेतो' असे अनेक शुगरवाले सांगतात. गुळात बहुतांश तीच साखर असते. मधुमेही माणसाला गूळ हा पर्याय नाही.

व्यापारी बंधूंनी काय करावे?

ज्यांची किराणा, पान किंवा थंड पेयाची दुकाने आहेत त्यांनी माल पक्क्या बिलानेच घ्यावा. अन्नसुरक्षा कायदा २००६ नुसार बिल ही मालाच्या दर्जाची हमी मानली जाते. उद्या तपासणीत खोट निघाली तर हेच बिल कामी येईल. पाकिटावर १४ अंकी परवाना क्रमांक आहे का, ते पाहावे. चुकीच्या किंवा अपुऱ्या लेबलचा माल विकल्यास तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सरबत, गोळा किंवा मिठाई स्वतः बनवणाऱ्यांनी अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करून घ्यावी आणि गोडी कशाची आहे ती पाटीवर लिहावी. अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने गोडी गमावते, म्हणून ते उकळत्या खिरीत किंवा चहात घालून पाहणाऱ्यांचे पैसेच वाया जातात.

'डाएट' पेय विकून फायदा होतो असाही हिशेब कोणी करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून गॅसच्या गोड पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, गोडी साखरेची असो की स्वीटनरची. सरकारने तरी दोघांना एकाच तराजूत तोलले आहे.

आणि आपण कापडवाल्यांनी? पाहुणचार सोडायचा नाही, त्याचे रूप बदलायचे. मराठवाड्याच्या उन्हात माठाचे पाणी, मीठ-जिऱ्याचा मठ्ठा, बिनसाखरेचे लिंबूपाणी यांसारखे पेय नाही. शुगर असलेल्या गिऱ्हाईकाला फिका चहा विचारावा. ज्याला डाएटच हवे त्याला ते द्यावे, एका बाटलीने कोणी मरत नाही. पण मुलांच्या हातात ती देऊ नये. आणि गल्ल्याशेजारी साखरेची एक डबी कायम ठेवावी. तिची किंमत पाच-दहा रुपये, पण एखाद्या दुपारी ती कोणाचा तरी जीव वाचवेल.